झोळी पसरण्याचे धैर्य

श्रीनृसिंह सरस्वतींच्या गाणगापुरात दुपारी एक दृश्य हमखास दिसते. भीमा-अमरजा संगमावर स्नान करून आलेला सुखवस्तू भक्तही झोळी घेऊन माधुकरी मागतो. देण्याची सवय असलेला हात येथे मागायला शिकतो. त्यात कमीपणा येत नाही, अहंकार तेवढा गळतो.

शिक्षकाला मात्र आपण केवळ देणारा मानले. मास्तरांनी चिडू नये म्हणतो. मन थकले तर त्यांनी कुणाकडे जावे, हे सांगत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्ही निषिद्ध केले. ते योग्यच झाले. पण कायद्याने हातातली छडी सुटते, मनातला राग नव्हे.

घरी मराठी बोलणारा एक मुलगा कन्नड उतारा वाचताना अडखळला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो होतो. वास्तविक घरच्या आजारपणाने रात्रभर मला झोप नव्हती. ते कारण होते, समर्थन नव्हे. सहकाऱ्याला एक शब्द बोललो असतो, तर त्याने तो तास आनंदाने घेतला असता. मी बोललो नाही. किंमत त्या मुलाने मोजली.

सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना मांडली. आपल्या व इतरांच्या भावना ओळखून वागणे, हा तिचा गाभा. मला वाटते, ओळखण्यापुढची पायरी मागण्याची आहे. ‘आज माझा तास घ्याल का?’ असे शिक्षकाला निःसंकोच म्हणता यावे, आणि ती झोळी मुख्याध्यापकाच्या दारातून रिकामी परतू नये.