समचरणांपुढे वाकडा अंगठा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, आईलाही होतं. दिंडीतल्या बायका म्हणतात, "मागल्या जन्मीचा भोग, माई. सोसा." मला पटत नाही. तिथे नवं हाड वाढलेलं नसतं. पावलातलं लांब हाड बाहेर सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. कल आनुवंशिक, अरुंद चपला त्यात भर घालतात. पुढून रुंद बुटांनी ठणका कमी होतो. अंगठा सरळ करायचा तर शस्त्रक्रियाच. म्हणजे वारसा निवडता येत नाही, पादत्राण येतं. प्रारब्ध कुठे संपतं, हे मला इथे कळतं. वारीत आळंदी ते पंढरपूर पायी सुमारे २५० किलोमीटर. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि तिथवर नेणाऱ्या पायांची हेळसांड करायची, ही कसली भक्ती? मी रुंद बूट घेतले.