केरसुणी हीही लक्ष्मीच

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिची पूजा करतो. जेथे स्वच्छता तेथे लक्ष्मीचा वास, हाच त्या आचाराचा भावार्थ. मग श्रीकरवीरनिवासिनी अंबाबाईच्या दर्शनास आल्यावर ओटीचे वेष्टन व हारफुलांची पिशवी आपण कोठे टाकतो, याचा विचार नको काय?

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी व गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रकटलेली पंचगंगा पुढे श्रीक्षेत्र नृसिंहवाडी येथे कृष्णामाईस मिळते. येथे पिशवीसह सोडलेले निर्माल्य तेथे दत्तदर्शनास आलेल्या स्नानार्थींच्या ओंजळीपर्यंत पोहोचू शकते. आपल्या पूजेने दुसऱ्याचे तीर्थ मलिन व्हावे, हे जगदंबेस कसे रुचेल?

घरचा केर एकत्र करून घंटागाडीत टाकला, म्हणजेही कर्तव्य संपत नाही. ओले-सुके मिसळले की फुलांचे चांगले खत होत नाही, माखलेला कागद पुनर्वापरास येत नाही आणि काचेचा तुकडा सफाई सेवकाच्या हातात रुततो. शासनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य प्रत्येकावर सोपविले. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) तर आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत, मग कीर्तनास उभे राहत.

म्हणून निर्माल्य पिशवीतून सोडवून निर्माल्य कुंडातच अर्पण करावे, प्लॅस्टिक वेगळे ठेवावे आणि हाच नेम घरी न्यावा. हीही आईची सेवाच होय.