हौशे, गवशे आणि कावळ्यांची गणती

मे महिना उजाडला की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर जत्रा भरते. जागेचं नाव मॅगी मार्श. पाणथळ रानातून जाणारी एक लाकडी पायवाट आणि तिच्यावर गळ्यात दुर्बिणी अडकवून दाटीवाटीने उभी असलेली माणसं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून निघालेले, जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचे वॉर्बलर इथे उतरतात. पुढे सरोवराचं पाणी पसरलेलं असतं. ते ओलांडण्याआधी अळ्या-किडे खाऊन अंगात बळ आणायचं असतं. भुकेला पक्षी माणसांची फिकीर करत नाही. भडक केशरी गळ्याचा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर कठड्यापासून हातभर अंतरावर पानाखालची अळी टिपत असतो. इतक्या जवळ की दुर्बीण खाली ठेवावी लागते.

२०१० पासून इथे ‘द बिगेस्ट वीक इन अमेरिकन बर्डिंग’ हा महोत्सव होतो. नाव आठवड्याचं असलं तरी तो चालतो दहा दिवस. ब्लॅक स्वॅम्प बर्ड ऑब्झर्व्हेटरी ही तिथली संस्था तो भरवते. सहली, व्याख्यानं, नवख्यांना पक्षी दाखवणारे जाणकार असा सगळा सरंजाम असतो आणि आसपासच्या हॉटेलांचाही धंदा होतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पक्ष्यांमुळे गावात पैसा येतो हे दिसलं की दलदलीला पडीक जमीन म्हणणाऱ्यांचीही भाषा बदलते.

खटकतं ते वेगळंच. या भागात एके काळी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची अफाट दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून तिचं पाणी काढलं गेलं आणि तिथे शेतं उभी राहिली. पक्षी मात्र जुन्याच वाटेने येत राहिले. उतरायला उरले ते काठावरचे थोडे हिरवे तुकडे. पायवाटेवर जी रेलचेल दिसते ती अशी टंचाईतून आलेली आहे. आजूबाजूला थारा नाही म्हणून इथे दाटी आहे. बघणारा मात्र “केवढे पक्षी!” म्हणत खुशीत घरी जातो.

महोत्सवातला दुसरा भुलावा दुर्मिळाचा. जत्रा म्हटली की हौशे, नवशे, गवशे आलेच; पक्ष्यांच्या जत्रेत गवशांचा भरणा अधिक. मुख्यतः मिशिगनमधल्या कोवळ्या जॅक पाइनच्या रानांत वीण करणारा कर्टलंड्स वॉर्बलर दिसल्याची खबर फोनवर आली की सगळे तिकडे धावतात. समोरच्या झुडपातला रॉबिन कुणाच्या खिजगणतीत नसतो. अतिपरिचयात अवज्ञा, दुसरं काय.

पण या उत्सवांचं मूळ इतकं उथळ नाही. ४ मे १८९४ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटीत शाळांचे अधीक्षक चार्ल्स बॅबकॉक यांनी मुलांसाठी ‘बर्ड डे’ साजरा केला. पक्ष्यांची पिसं टोप्यांवर मिरवण्याचा तो काळ होता. पुढे १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी नाताळात चालणाऱ्या शिकारीच्या चढाओढीला पर्याय सुचवला: बंदुका घरी ठेवा आणि पक्षी मोजा. त्या वर्षी २७ जण बाहेर पडले. ती गणती आजही चालू आहे. चॅपमन यांनी माणसांना चढाओढ सोडा असं सांगितलं नाही, फक्त तिचा रोख बदलला.

त्याच परंपरेतला ‘ग्लोबल बिग डे’ २०१५ पासून मे महिन्यातल्या एका शनिवारी जगभर होतो. महाराष्ट्रातले पक्षिमित्रही त्या दिवशी बाहेर पडतात. आपल्याकडे तेव्हा वैशाखवणवा पेटलेला असतो. हिवाळी पाहुणे परतलेले असतात. फाल्गुनात पळस-सावरीवर धुडगूस घालणाऱ्या भोरड्याही मध्य आशियाच्या दिशेने निघून गेलेल्या असतात. उरतात ते घरचेच. गटातल्या एकाच्या हाती फोन असतो.

“साळुंक्या किती?”

“सहा. थांब, तारेवर अजून दोन आहेत.”

“कावळे?”

“कावळेही लिहायचे?”

लिहायचे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरच्या पूर्ण यादीची अटच ती आहे: किती वेळ पाहिलं, किती चाललो आणि ओळखू आलेली प्रत्येक जात. रुक्ष वाटणाऱ्या या नियमातच खरी मेख आहे. दिसलेलं सगळं लिहिलेलं असेल तरच यादीत नसलेल्या पक्ष्याबद्दल काही बोलता येतं. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे वर्षानुवर्षं ताडून पाहिलं की तिची चढउतार कळते. फक्त दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदींतून ती कधीच कळणार नाही.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल अशा सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यानुसार मोर आणि कोकीळ वाढले. शेताकडेच्या तारेवर हमखास दिसणारा नीलपंख मात्र इतका घटला की जागतिक पातळीवर त्याची स्थिती नव्याने तपासावी, अशी शिफारस करावी लागली. “हल्ली कमी दिसतो बुवा,” यापलीकडे कुणा एकट्याला काही म्हणता आलं नसतं.

नेहमीचा पक्षी म्हणजे सुरक्षित पक्षी, ही समजूत किती महागात पडते ते ओहायोनेच पाहिलंय. पॅसेंजर पिजन हे एके काळी उत्तर अमेरिकेतलं सर्वाधिक संख्येचं पाखरू. त्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी याच राज्यातल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे ३०० कोटी पक्षी कमी झाले आहेत. सर्वाधिक फटका बसला तो परिचयाच्या कुळांना, आणि त्यांत मॅगी मार्शवर गर्दी खेचणारे वॉर्बलरही आहेत.

हौशी गणतीत उणिवा आहेत. माणसं शहराजवळ, सुटीच्या दिवशी, ठरलेल्या जागीच जातात. शिवाय मे महिना हा अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ. फोटोसाठी रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्ष्याला बाहेर खेचणं, घरट्यापाशी कॅमेरे रोखणं हे प्रकार आयोजकांनी कडकपणे बंद करायला हवेत. मात्र गणतीतल्या उणिवांवर इलाज आहे तो आणखी गणतीचाच: जास्त जागी, जास्त वेळा, आणि काही विशेष दिसणार नाही हे माहीत असतानाही.

महोत्सवाच्या समारोपाला एकूण किती जाती दिसल्या याचा आकडा जाहीर होतो आणि टाळ्या पडतात. तेवढ्यावर महोत्सव यशस्वी ठरवणं मला पटत नाही. आलेल्यांपैकी दहा-वीस जण जरी घरी जाऊन वर्षभर आपल्या गल्लीतल्या कावळ्या-चिमण्यांच्या याद्या भरत राहिले, तरी तो सार्थकी लागला असं म्हणावं. दुर्मिळ पक्ष्यामागे माणसं न सांगताही धावतात. महोत्सवाची गरज आहे ती इतर पक्ष्यांसाठी.