डेझीला कुणी विचारलं?

चि. ओंकार,



तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘द ग्रेट गॅट्सबी’ वाचून तुला वाटलं, की गॅट्सबीने निदान हिंमत तरी केली. आणि आता बऱ्या पगाराची नोकरी लागल्यावर तूही तुला नाही म्हणालेल्या त्या मुलीच्या लग्नात सगळे बघत राहतील असा आहेर न्यायचं म्हणतोस. ‘तिला कळू दे,’ असं लिहिलंयस. काय कळू दे, ते मात्र लिहिलं नाहीस.

गॅट्सबी तुला आवडला यात नवल नाही, मलाही आवडतो. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा हा पोरगा. सतराव्या वर्षी जेम्स गॅट्झ हे नाव टाकून देतो. 1917 साली लुईव्हिलमध्ये लष्करी अधिकारी असताना डेझीच्या प्रेमात पडतो. तो युद्धावर जातो, ती गडगंज टॉम ब्युकॅननशी लग्न करते. दारूबंदीच्या दिवसांत चोरटी दारू आणि आणखी नको ते धंदे करून गॅट्सबी पैसा जमवतो आणि लाँग आयलंडवर, तिच्या घरासमोर, खाडीच्या ऐलतीरी महाल घेतो. 1922 चा उन्हाळा मेजवान्यांत जातो. एखाद्या रात्री ती आपसूक येईल, एवढ्याच आशेवर. तू सिनेमाही पाहिलास, आपला अमिताभ ज्यात गॅट्सबीचा धंद्यातला साथीदार वुल्फशाइम झालाय तो. त्यात त्या मेजवान्या डोळे दिपवतात. पुस्तकात शुक्रवारी संत्र्या-लिंबांच्या पेट्या येतात आणि सोमवारी त्यांच्या पिळलेल्या फोडींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. लेखक फिट्झगेराल्डचं लक्ष त्या ढिगाकडेही आहे.

आता तू घाईत वाचलेल्या एका जागेकडे ये. डेझीला एक लहान मुलगी आहे. दाई तिला बाहेर आणते, गॅट्सबी तिचा हात हातात घेतो आणि नंतर चकित होऊन तिच्याकडे बघत राहतो. असं मूल खरोखरच आहे यावर त्याचा तोवर विश्वासच नसावा, असं निकला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला, वाटतं. पाच वर्षं ज्या बाईचा ध्यास घेतला, तिच्या त्या पाच वर्षांत काय काय घडलं, हे याने कधी मनातही आणलेलं नाही! पुढे प्लाझा हॉटेलात तो तिच्याकडून काय मागतो? टॉमवर मी कधीच प्रेम केलं नव्हतं, असं तिने नवऱ्याच्या तोंडावर सांगावं. ती आधी अडखळत तसं म्हणते, आणि मग तिला ते रेटवत नाही. एके काळी टॉमवरही जीव होता आणि तुझ्यावरही होता, असं ती कबूल करते. माझ्या मते सगळ्या कादंबरीत डेझीने बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य. गॅट्सबीला नेमकं तेच सोसत नाही.

डेझीची वकिली मी करत नाही. गॅट्सबीची गाडी ती चालवत होती, टॉमची प्रेयसी मर्टल त्या गाडीखाली मेली, आणि आळ गॅट्सबीवर गेला तरी ती गप्प राहिली. त्यापायी त्याचा जीव गेला आणि ही बाई अंत्यविधीला फूलसुद्धा पाठवत नाही. पण हे घडण्याच्या आधी तिला काय हवंय, हे दोघा पुरुषांपैकी एकानेही धड विचारलेलं नाही, एवढंच तुझ्या नजरेला आणून देतेय.

आणि आहेराचं म्हणशील, तर लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमने डेझीला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ दिली. त्या रात्री ती पिऊन तर्र होती, हातात एक पत्र घट्ट धरलेलं, माळ परत करा म्हणत होती. तिला थंड पाण्यात बसवलं, तिथेही पत्र सोडेना. पत्राचा पार लगदा झाला. अर्ध्या तासाने माळ तिच्या गळ्यात होती आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तू स्वतःला गॅट्सबी समजतोयस, पण तुझा आहेर मला टॉमच्या माळेच्या जातीचा दिसतो.

पैशाने गेलेलं प्रेम परत येत नाही, असं मी सांगणार नाही. कधी कधी येतं. खुद्द फिट्झगेराल्डचं आलं. त्याच्याकडे पैसा नाही म्हणून झेल्डाने 1919 मध्ये ठरलेलं लग्न मोडलं. 1920 च्या मार्चमध्ये त्याची पहिली कादंबरी निघाली, आणि एप्रिलमध्ये दोघांचं लग्न झालं. पण 1936 साली लिहिलेल्या लेखात तो सुखवस्तू वर्गाबद्दलची आपली अढी त्या मोडलेल्या लग्नापर्यंत नेऊन पोचवतो. मुलगी मिळाली, नावही मिळालं, तरी तो सल सोळा वर्षांनीही गेला नव्हता. त्याच्या पुस्तकात गॅट्सबी हरतो, पण लिहिणारा जिंकलेला होता, हे ध्यानात ठेवून एकदा परत वाच.

स्वप्नं बघू नको, असाही अर्थ काढू नकोस. गॅट्सबी गेल्यावर त्याचे वडील एक जुनं पुस्तक घेऊन येतात. त्याच्या शेवटच्या पानावर पोराने 1906 साली लिहिलेला दिनक्रम असतो: पहाटे उठणं, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, भाषणाचा सराव. खाली निश्चय, त्यात आठवड्याला पाच डॉलर वाचवायचे हे खोडून तीन केलेले (हा खोडलेला आकडा मला फार आवडतो), आणि सगळ्यात शेवटी आईवडिलांशी नीट वागायचं. तेव्हा डेझीचा पत्ताही नव्हता. मोठं व्हायची हौस त्याची स्वतःचीच होती, पुढे त्याने ती एका मुलीच्या गळ्यात बांधली. तूही बारावीपासून धडपडतोयस, तेव्हा तर ती तुला भेटलेलीही नव्हती. मग तुझ्या नोकरीचा हिशेब आज तिच्या मांडवात कशाला?

तिने तुला नाही म्हटलं तेव्हा कारण काय दिलं होतं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. पैसा हे कारण तू धरून चाललायस. तिने तसं सांगितलं होतं का, हे आधी मला कळव.

तोवर सोनाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस. तुमच्या वर्गातली मुलं मिळून जे काही देणार असतील त्यात सगळ्यांइतका वाटा घाल. लग्नाला जायला जड वाटत असेल तर जाऊ नकोस, कुणी तुझी हजेरी घेणार नाही. गेलास तर तिच्या आईला आवर्जून भेट, त्या तुझी विचारपूस करत असतात. आणि निघायच्या आदल्या रात्री फोन कर, मी जागीच असते.

तुझी,
मावशी