शत्रूचा वाटा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना एका सायंकाळी आम्ही इच्छापोर येथे थांबलो असता दिव्यापाशी एक भुरा, इवलासा पतंग घिरट्या घालू लागला. तो कपाशीवरचाच होता असा आमचा आग्रह नाही. परंतु गुलाबी बोंडअळीचे स्मरण झाले खरे. तिचाही पतंग असाच: करडा-तपकिरी, झालरदार पंखांचा, पुरता दोन सेंटिमीटरही न भरणारा. १८४३ साली साँडर्स याने तिचे शास्त्रीय वर्णन केले, ते येथून जवळच्याच भडोचच्या कपाशीवरून. आज बहुतेक कापूसप्रदेशांत तिचा संचार आहे.

२००२ साली बीटी कपाशी आली, तेव्हा कडेच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक तेवढे, साध्या कपाशीसाठी राखण्याचा नियम होता. तेथे वाढलेल्या पतंगांशी संकर होत राहिला, तर विष पचविणाऱ्या अळ्यांचा वंश बळावत नाही. म्हणजे शत्रूला त्याचा वाटा द्यावा, तरच आपला वाचावा! बहुतेकांनी तो दिला नाही. गुजरातेत अळी पहिल्या बीटी कपाशीला जुमानीत नाही, हे २०१० साली जाहीर झाले. २०१७ साली विदर्भात तिचा कहर झाला. त्याच हंगामात यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतमजूर दगावले.

यात शेतकऱ्याचा लोभ पाहणे सोपे आहे. पण ज्याची जमीनच दोन-चार एकर, त्याने सर्वांच्या उद्यासाठी आपले आजचे बोंड अळीला द्यावे आणि आपण सुती वस्त्रे नेसणाऱ्यांनी काहीच देऊ नये, हा न्याय कुठला? त्या पाच ओळींची भरपाई त्याला कोणी देऊ केली होती काय?