पाटीवरचं नाव

वेल्सच्या उत्तरेला, स्नोडन डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा पाथरवट राहत होता. सारी उमर पाटीच्या दगडाच्या खाणीत गेली होती. दगडाच्या कडेवर छिन्नी टेकवायची, हातोडीचा हलका ठोका द्यायचा, की पातळ फरश्या सुटत आणि घरांच्या छपरांवर जात. आकाराप्रमाणे त्यांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं होती. आपला जन्म सरदारणींच्याच संगतीत गेला, असं म्हातारा गमतीनं म्हणे.

खाणीतलं काम सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात.

डोंगर 1951 सालापासून राष्ट्रीय उद्यानात होता. माथा 1085 मीटर उंच, आणि वर्षाला पाच लाखांहून जास्त माणसं तिथं येत. पाऊसही तसाच धो धो. वाटेवर चिखल झाला की माणसं कडेच्या गवतावरून चालत. गवत मरे, उघडी पडलेली माती पुढच्या सरीबरोबर वाहून जाई, आणि वाट आणखी फाकत जाई. डोंगरावर प्रेम करणारी माणसंच डोंगर झिजवत होती, आणि त्यात कुणाचाच दोष काढता येत नव्हता.

गावातल्या काही मंडळींनी वाटा दुरुस्त करायला निधी उभारला. जो पैसे देईल त्याला म्हातारा पाटीच्या तुकड्यावर हवं ते नाव कोरून देई. कुणी आईचं नाव सांगे, कुणी नुकत्याच जन्मलेल्या नातीचं. एका बाईनं आपल्या कुत्र्याचं नाव कोरून घेतलं. माथ्यापर्यंत तोच एकटा सोबत आला होता, म्हणाली. म्हातारा सगळी नावं सारख्याच निगुतीनं कोरी.

एकदा एक व्यापारी आला. त्यानं सगळ्यांपेक्षा मोठी रक्कम पुढं ठेवली.

"तुकडा नको," तो म्हणाला. "माथ्याजवळच्या वाटेवर मोठा दगड बसवा आणि त्यावर माझं नाव घाला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

"डोंगरावर आम्ही नावं कोरत नाही," म्हातारा म्हणाला. "पाटी तुम्ही घरी न्यायची."

"मग पैसे कुठं गेले ते लोकांना कळणार कसं?"

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. "उद्या सकाळी वर या," एवढंच म्हणाला. "तुमचा दगड तुम्हीच निवडा."

दुसऱ्या दिवशी दोघं वर गेले. म्हातारा हळू चालत होता, व्यापारी पुढं जाऊन थांबत होता. हेलिकॉप्टरनं मोठमोठ्या पिशव्यांतून दगड आणून टाकले होते आणि कामकरी ते वाटेत बसवत होते. व्यापाऱ्यानं एक छान दगड हेरला. एक बाजू रुंद, सपाट, पाटीसारखी. नाव ऐसपैस मावलं असतं.

कामकऱ्यानं खड्डा खणला. पहारीनं दगड उभा केला आणि रुंद अंगासकट खड्ड्यात सोडला. वर राहिली ती फक्त वीतभर अरुंद कड.

"अहो, उलटा बसवलात!" व्यापारी ओरडला. "चांगली बाजू आत गेली."

"आडवा ठेवला तर लोकांच्या पायांनी डुलायला लागेल," कामकरी म्हणाला. "मग पाऊस त्याच्याखाली शिरेल. जितका आत, तितका टिकतो." आणि तो शेजारचा दगड घट्ट ठोकू लागला.

व्यापारी बराच वेळ उभा राहिला. खालून शाळेची मुलं आली आणि बोलत-हसत त्या कडेवर पाय देऊन वर गेली. कुणीही गवतावर उतरलं नाही. मग व्यापाऱ्यानं कोट काढला आणि पुढचा दगड सरकवायला हात लावला. दुपारपर्यंत त्याचे तळवे सोलले होते आणि चार दगड बसले होते. फार वेगानं नाही, हे खरं.

खाली आल्यावर म्हाताऱ्यानं छिन्नी घेतली. "नाव सांगा."

व्यापाऱ्यानं आपलंच नाव सांगितलं. म्हातारा हसला नाही, की त्यानं उपदेशही केला नाही. सुबक अक्षरांत नाव कोरलं आणि पाटी कागदात गुंडाळून दिली.

आपलं नाव कुठंतरी असावं, ही इच्छा काही पाप नाही. दानाच्या आड तिला लपवायचंही कारण नाही. त्या निधीनं तिला एक जागा दिली होती, घरातल्या भिंतीवर. डोंगरावर मात्र दगडाला भार सोसायचा होता.

व्यापाऱ्यानं पाटी दुकानात, गल्ल्यामागं लावली. गिऱ्हाइकं विचारत, आणि तो नावाबद्दल कमी, दगड कसा उभा बसवतात याबद्दलच जास्त बोले. पुढच्या वसंतात त्याच्या गावाहून पाट्यांची इतकी मागणी आली की म्हाताऱ्याला एकट्याला उरकेना. शेवटी त्यानं शेजारच्या मुलीला हाताशी घेतलं आणि छिन्नी कशी धरायची ते पहिल्यापासून शिकवायला लागला.