हायडनचा नगारा

२ मार्च १७९५ रोजी लंडनच्या किंग्ज थिएटरमध्ये योजेफ हायडनची नवी सिंफनी, क्रमांक १०३, पहिल्यांदा वाजली. पुढे नऊ दिवसांनी, ११ मार्चला, खर्ड्याच्या रणात मराठे आणि निजाम भिडले. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो, पण भूम-परांड्याकडच्या माणसाला तो शेजारचाच. या दोन घटनांना एकमेकींची खबरही नव्हती. तरी दोन्हीकडे एकाच कुळातले वाद्य होते. अरबांकडचा जोडनगारा तेराव्या शतकात धर्मयुद्धांच्या वाटेने युरोपात गेला. घोड्यावर लादायचे मोठे नगारे पंधराव्या शतकात तुर्कांच्या शेजारातून, हंगेरीमार्गे पोहोचले. तिकडे त्यांची टिंपनी झाली. इकडे ते देवळांच्या नगारखान्यांत आणि फौजेच्या निशाणापाशी राहिले.

हायडनची ही सिंफनी सुरूच होते ती एकट्या टिंपनीने. त्या मोसमात लंडनच्या वाद्यवृंदात साठच्या आसपास वादक होते. ते सगळे हात आवरून बसलेले आणि मागून एका नगाऱ्याचा लांब घुमारा. तो ओसरल्यावर खर्जातली तंतुवाद्ये आणि बसून मिळून एक संथ, जड स्वरावली सुरू करतात. बराच वेळ पुढे काय होणार ते कळत नाही.

या घुमाऱ्यासाठी हायडनने कागदावर लिहिले तरी काय? एक स्वर, तो घुमवण्याची खूण, त्यावर रेंगाळण्याची खूण आणि ‘इंट्राडा’ हा शब्द, म्हणजे आगमनाची वर्दी. जोर किती, ते लिहिलेले नाही. हळू उचलून वाढवायचा की गडगडाटाने सुरू करून विरवायचा, नुसता घुमवायचा की त्यात बोल भरायचे, यातले काहीच नाही. पाश्चात्त्य संगीत सगळे लिहिलेले असते, वादकाला तिथे हलायला जागा नसते, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आणि सांगत आलो. त्याच संगीतातल्या एका थोर रचनाकाराने, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सगळी विद्या हाताशी असताना, आपल्या कृतीची पहिलीच जागा वादकावर सोपवली. मला हे फार मोलाचे वाटते.

ती जागा कुणी कशी भरली, हे आपल्याला ध्वनिमुद्रणांमुळेच कळते. जुन्या छापील आवृत्त्यांच्या वळणाने बहुतेकांनी बराच काळ तो घुमारा हलका उचलला, थोडा फुगवला आणि विरवून टाकला. दूरच्या मेघगर्जनेचा भास होतो, आणि तो सुंदर आहे यात शंका नाही. पुढे काही संचालक ‘इंट्राडा’कडे लक्ष देऊन नगारा खणखणीत वाजवू लागले. फ्रेंच संचालक मार्क मिन्कोव्स्की यांनी २००९ मध्ये व्हिएन्नात केलेल्या मुद्रणात तर टिंपनीवादक एकटाच चांगला ऐसपैस वाजवतो. संबळ ऐकत वाढलेल्या माणसाला ते ऐकताना समजावून सांगावे लागत नाही. कार्य लागले आहे, लोक जमले आहेत, आणि देवीला हाक देण्याआधी चामड्याने वातावरण ताब्यात घेतले आहे, हे त्याच्या अंगात असते.

चामड्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आजची टिंपनी पायाच्या दाबाने स्वर बदलते, तिच्यावर बहुधा प्लॅस्टिकचे पान असते आणि काठ्यांना नमद्याची बोंडे. हायडनच्या काळची टिंपनी आकाराने लहान, वर वासराचे कातडे, काठ्या कठीण. आवाज कोरडा, टोकदार आणि लवकर मिटणारा. हवा दमट झाली की कातडे सैल पडते, स्वर उतरतो. आपल्याकडे हलगीवाला मिरवणुकीआधी कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकतो, तेव्हा तो याच अडचणीशी झगडत असतो. १९७० नंतर काही युरोपीय मंडळींनी जुन्या धाटणीची वाद्ये घेऊन हायडन-मोत्सार्ट पुन्हा वाजवायला घेतले. क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकने मोत्सार्टच्या सिंफनींचा मोठा संच असाच केला. लोकांना वाटले, ही संग्रहालयातली हौस आहे. पण छोटा वाद्यवृंद आणि कातड्याचा नगारा आल्याबरोबर इतकी वर्षे तंतुवाद्यांच्या जाड थराखाली दबलेले ओबो, बसून, हॉर्न मोकळे झाले, आणि हे संगीत किती चपळ आहे ते ऐकू आले.

ध्वनिमुद्रणाने दिले तसे हिरावूनही घेतले. आर्थर निकिश यांनी १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोव्हेनची पाचवी सिंफनी संपूर्ण मुद्रित केली. पूर्ण सिंफनीच्या अगदी सुरुवातीच्या मुद्रणांत ती मोडते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक दाटीवाटीने एका कर्ण्यासमोर बसत. विजेवरचे मुद्रण १९२५ मध्ये आले, तरी तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायचीच. सिंफनीचे तुकडे पडले आणि बळी गेला तो पुनरावृत्तीचा. हायडन-मोत्सार्टच्या पहिल्या भागात पूर्वार्ध संपला की तो पुन्हा वाजवण्याची खूण असते. ती पाळली तर तबकड्या वाढतात, किंमत वाढते. म्हणून ती गाळली जाई. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी आली, अडचण सरली, पण सवय राहिली, आणि पुढची कित्येक वर्षे नामवंत संचालकही तो भाग एकदाच वाजवत राहिले.

मला हे मान्य नाही. ख्यालात स्थायी एकदाच म्हणून कुणी विस्ताराला लागत नाही. मुखडा कानात बसल्याशिवाय त्याच्यापासून दूर जाण्यात मजा कसली? हायडनचेही तसेच आहे. पूर्वार्ध दुसऱ्यांदा ऐकला की स्वरवाक्ये ओळखीची होतात, आणि मधल्या भागात तो त्यांची मोडतोड करतो तेव्हा ती जाणवते. पुनरावृत्ती गाळणाऱ्याने वेळ वाचवला, पण इमारतीचा एक खांब काढला.

लिहिलेले असूनही न पाळण्याचे उदाहरण बीथोव्हेनचे. त्याने १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिंफनींसाठी मेट्रोनोमवर मोजलेली लय आकड्यांत छापून दिली. आकडे दिल्यावर वाद संपायला हवा होता. पण शतकभर बहुतेकांनी ती लय अशक्य ठरवून बाजूला ठेवली, आणि रॉजर नॉरिंग्टन यांनी १९८० च्या दशकात ती मनावर घेतली तेव्हा ऐकणारे दचकले.

हे सिंफनीचे संगीत धाराशिवहून चारशे किलोमीटरवर, मुंबईत, बऱ्याच आधी येऊन पोहोचले होते. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला; दुसऱ्याच वर्षी जन्मलेले त्यांचे चिरंजीव झुबिन त्याच्या तालमी ऐकत वाढले आणि १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले. नाझींच्या सावटातून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार वाल्टर कॉफमन आकाशवाणीत होते. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची पहाट ज्या धूनने व्हायची, ती त्यांचीच मानली जाते. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईत आले, सिंफनीही वाजवू लागले आणि सिनेमाची गाणीही. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये आपल्या मोठ्या वाद्यवृंदासोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना मंचावर आणले.

खेड्यापाड्यापर्यंत मोत्सार्ट नेला तो मात्र सलील चौधरींनी. १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातले तलत-लता यांचे युगुलगीत चाळिसाव्या सिंफनीच्या पहिल्या स्वरवाक्यावर उभे आहे. २५ जुलै १७८८ ला मोत्सार्टने आपल्या यादीत नोंदवलेली ती कृती विविध भारतीवरून कळंब-उमरग्यात वाजली, आणि कुणाला ती परकी वाटली नाही. मुळात तिच्यात एक धाप लागलेली बेचैनी आहे. सलीलदांनी तिचे आर्जव केले. मोत्सार्टनेही नंतर क्लॅरिनेट घालून तिची दुसरी आवृत्ती केलीच होती.

२००६ पासून मुंबईच्या एनसीपीएमध्ये खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालियेव यांनी स्थापलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. देशातला हा व्यावसायिक वाद्यवृंद. वादकांत मोठा वाटा बाहेरच्या देशांतला, भारतीय हळूहळू वाढत आहेत. तो मराठवाड्यात यावा असे मला मनापासून वाटते, कारण नुसती मुद्रणे पुरत नाहीत. मिन्कोव्स्कींच्या वादकाने त्या संध्याकाळी उत्स्फूर्त वाजवले, पण दहाव्यांदा ऐकताना तोही लिहिलेलाच भाग होऊन बसतो. हायडनने मोकळी ठेवलेली जागा मुद्रणात भरली की पुन्हा मोकळी होत नाही. ती मोकळी होते फक्त प्रत्यक्ष वादनात.

वाद्यवृंद येईल तेव्हा येईल. तोवर तुळजापुरात, नवरात्राची गर्दी ओसरल्यावर, एक बैठक सहज करता येईल. संबळ वाजवणारे गोंधळी, हलगीवाले आणि मंदिरात चौघडा वाजवणारे यांना बोलवावे. व्याख्यान ठेवू नये. क्रमांक १०३ ची पहिली दोन मिनिटे तीन-चार वेगवेगळ्या मुद्रणांतून ऐकवावीत आणि त्यांचे मत विचारावे: कातडे कुठले, काठी कुठली, कुणाचा हात खरा. मग पहिल्या भागाचा शेवट ऐकवावा. तिथे सगळी धावपळ अचानक थांबते आणि तोच नगारा पुन्हा एकटा घुमतो. पहिल्यांदा ज्याने तो मोकळेपणाने वाजवला, त्याने परत येताना तसाच वाजवावा की वेगळा? गोंधळी रात्रभर कथेच्या एकेका टप्प्यावर संबळ थांबवतो आणि पुन्हा उचलतो. या प्रश्नावर मला सर्वांत आधी त्याचे उत्तर ऐकायचे आहे.